पाण्याखालचा फोटो

समुद्र आपण रोज पाहतो. पण पाहतो तो वरून. लाटा दिसतात, फेस दिसतो, होडी दिसते. खाली काय आहे ते जाळे वर आले म्हणजे कळते. पण जाळ्यात आलेला मासा तडफडत असतो. त्याचा रंग उतरू लागलेला असतो. तो आपल्या घरी कसा राहतो, काय खातो, कुणाला भितो, हे जाळे सांगत नाही.

ते पाहायचे तर पाण्याखाली गेले पाहिजे. आणि पाहिलेले दुसऱ्याला दाखवायचे तर त्याचा फोटो आणला पाहिजे. पाण्याखाली फोटो कसा काढतात, ते या पाठात पाहू. मोठी, महाग यंत्रे आपल्याला नकोत. एक छोटा कॅमेरा, पाठीवर हवेची टाकी आणि हातात एक बॅटरी. एवढ्यावर पुष्कळ होते.

तुम्ही म्हणाल, हे आम्हांला कशाला? तर मालवणला किंवा तारकर्लीला जाऊन पाहा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाहुण्यांना पाण्याखाली नेण्याचा धंदा चालतो. हे काम करणारी कितीतरी पोरे मच्छीमारांच्या घरांतली आहेत. पाहुण्याला हात धरून खाली न्यायचे, मासे दाखवायचे, फोटो काढायचे आणि सुखरूप वर आणायचे. म्हणजे हे काम आपल्या दारापर्यंत आलेच आहे. दारी आलेले काम नीट समजून घेतलेले बरे.

सुरुवात कशी झाली

पाण्याखाली फोटो काढण्याची खटपट फार जुनी आहे. १८५६ साली इंग्लंडमधल्या वेमथ या गावी विल्यम थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने कॅमेरा एका पेटीत घातला. ती पेटी त्याने काठीला बांधून होडीतून पाण्यात सोडली. तो स्वतः होडीतच बसून राहिला. पेटी वर काढली तर आत पाणी शिरलेले! तरीपण एक अंधुक चित्र मिळाले. पेटीत पाणी शिरण्याचे दुखणे तेव्हापासूनचे आहे, आजही ते गेलेले नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

मग १८९३ साली फ्रान्समध्ये लुई बूताँ नावाचा प्राणिशास्त्रज्ञ स्वतःच पाण्यात उतरला. त्याच्या भावाने त्याला कॅमेऱ्यासाठी पेटी करून दिली होती. त्या काळच्या काचेवर चित्र उमटायला फार वेळ लागे. कधी कधी अर्धा तास! अर्धा तास पाण्याखाली कॅमेरा हलू द्यायचा नाही. खडक तेवढे स्थिर बसत, मासे कुठले बसणार? म्हणून त्याने दिवा केला. मोठे पिंप घेतले, त्यावर काचेच्या झाकणात स्पिरिटचा दिवा पेटवला आणि त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकली. लख्ख उजेड पडला. पुढे १९२६ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या समुद्रात लाँगली आणि मार्टिन या दोघांनी माशाचा रंगीत फोटो काढला. त्यांनीही अशीच पूड पेटवली, पण पाण्यावर तरंगत्या तराफ्यावर.

या लोकांना हवा वरून नळीने मिळे. पाठीवर टाकी घेऊन मोकळे पोहणे १९४३ साली फ्रान्समध्ये सुरू झाले. कूस्तो आणि गान्याँ या दोघांनी एक झडप तयार केली. माणूस श्वास घेईल तेवढीच हवा ती टाकीतून सोडते. ज्याला आज सगळे स्कूबा म्हणतात, ते हेच.

आधी श्वास, मग फोटो

कॅमेऱ्याची गोष्ट पुढे. आधी श्वासाची गोष्ट, कारण इथे चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही.

पाण्याला वजन आहे. दर दहा मीटरला, म्हणजे सुमारे साडेपाच वावांना, आपल्या अंगावर आणखी एका वातावरणाइतका दाब चढतो. वर फुगवलेला फुगा दहा मीटर खाली नेला तर तो निम्मा होतो. आता उलटे पाहा. दहा मीटर खाली टाकीतल्या हवेने फुगा भरला आणि तोंड बांधून वर सोडला, तर वर येईपर्यंत तो दुप्पट होतो. आधीच गच्च भरलेला असेल तर फुटतो.

आपली छाती म्हणजे असाच फुगा. खाली टाकीतली हवा छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलो, तर फुप्फुस फाटू शकते. त्याला फार खोली लागत नाही. छाती भरलेली असेल तर दीड-दोन मीटर वर येणेही पुरते. म्हणून टाकी लावून बुडी मारणाऱ्याला पहिला धडा हाच देतात. श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा.

नुसत्या दमावर बुडी मारणाऱ्यांना हे नवे वाटेल. शेवंडासाठी खडपात बुडी मारणारा माणूस श्वास रोखूनच जातो. त्याला काही होत नाही, कारण त्याने हवा वरून नेलेली असते. ती खाली आवळते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी होते. टाकीवाल्याची हवा खाली भरलेली असते. फरक एवढाच, पण तो जिवाचा आहे.

याचा फोटोशी काय संबंध? मोठा संबंध आहे. फोटो काढताना माणूस नकळत श्वास रोखतो. हात हलू नये म्हणून रोखतो. सुईत दोरा ओवताना आपण रोखतो ना, तसाच. जमिनीवर ते चालते. पाण्याखाली समोर सुंदर मासा आला, श्वास रोखला, छातीत हवा भरलेली म्हणून अंग हलके झाले आणि आपोआप वर तरंगू लागले, तर नजर माशावर असल्यामुळे ते कळतही नाही. कॅमेरा हातात असलेला माणूस इतरांपेक्षा जास्त धोक्यात असतो, तो असा.

दुसरे असे की, वर येताना घाई नको. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको. आपलेच बारीक बुडबुडे आपल्या पुढे गेले पाहिजेत. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. दाबाखाली हवेतला नायट्रोजन वायू रक्तात मुरतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की कशी फसफसते! तसे रक्तात होऊ नये म्हणून हे थांबणे.

तिसरे म्हणजे काटा. टाकीवर हवा किती उरली ते दाखवणारा काटा असतो. भरलेल्या टाकीचा काटा २०० च्या आसपास असतो. पाण्याबाहेर येऊ तेव्हा त्यात ५० तरी उरले पाहिजेत. फोटोच्या नादात काटा पाहायचा राहतो. म्हणून मी तर म्हणेन, दर दोन-तीन फोटोंनंतर काटा पाहायचा, अशी सवयच लावावी.

सर्दी झाली असेल तर त्या दिवशी बुडी नको. नाक चोंदले की कानातला दाब सुटत नाही आणि पडदा फाटतो. एकट्याने जायचे नाही, जोडीदार हवाच. आणि रीतसर शिक्षण घेतल्याशिवाय तर नाहीच नाही. शिकतानाच्या बुड्यांत कॅमेरा काठावर ठेवावा. ज्याला पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नाही, त्याच्या हातात कॅमेरा देणे म्हणजे सायकल शिकणाऱ्याच्या डोक्यावर घागर ठेवणे.

तांबोशी काळी का पडली?

एक मामा आणि एक भाचा. मामांचा जन्म होडीवर गेला. भाचा टाकी लावून बुडी मारायला शिकला. भाच्याने एकदा मोबाइलवर फोटो दाखवला.

“मामा, ही बघा तांबोशी. किल्ल्याच्या पलीकडे नऊ मीटरवर होती.”

मामांनी मोबाइल लांब धरला, मग जवळ धरला. म्हणाले, “अरे, कुणाला शिकवतोस? तांबोशी मी चाळीस वर्षं धरतोय. तांबोशी तांब्यासारखी लाल. ही तर काळपट आहे.”

“मामा, मासा लालच होता. पाण्यानं लाल रंग खाल्ला.”

“पाणी रंग खातं?”

“खातं तर! उन्हात सगळे रंग असतात. इंद्रधनुष्यात दिसतात ना, ते सगळे. ऊन पाण्यात शिरलं की पाणी आधी लाल रंग खातं. पाच मीटरवरच बराचसा लाल गेलेला असतो. मग नारिंगी जातो, मग पिवळा. खोल गेलं की नुसता हिरवा नि निळा उरतो. लाल उजेडच पोचला नाही, तर लाल मासा लाल दिसणार कसा?”

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग हसले. “म्हणजे तांबोशीनं लाल लुगडं नेसलंय ते मिरवायला नाही, लपायला!”

“अगदी बरोबर बोललात. खाली ती सावलीसारखी दिसते. आता हा दुसरा फोटो बघा. तीच तांबोशी, पण बॅटरी मारून.”

दुसऱ्या फोटोत मासा तांब्यासारखा लखलखत होता.

“आता ओळखीची दिसली,” मामा म्हणाले.

मामांनी जे पाहिले त्यात या विद्येचे मर्म आहे. बॅटरीच्या उजेडात लाल रंग असतो. ती माशाजवळ पेटवली की तो रंग माशावर पडतो आणि परत फिरून कॅमेऱ्यात शिरतो. पण मधे पाणी जास्त असेल, तर ते तोही खाते. म्हणून बॅटरी कितीही मोठी असली तरी मासा हातभर अंतरावर असला पाहिजे. चार-पाच मीटरवरच्या माशावर छोट्या बॅटरीचा काही उपयोग नाही.

बॅटरी नसेल तर? मग उथळ पाण्यात काम करावे. चार-पाच मीटर खोली, डोक्यावर दुपारचे ऊन, सूर्य पाठीमागे. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपे पडते आणि पाण्यावरून परतून जाते. सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ चांगली. दुसरा उपाय म्हणजे कॅमेऱ्यापुढे लाल काच लावणे. ती निळा-हिरवा उजेड अडवते, त्यामुळे चित्र जरा सावरते. पण उजेड एकूण कमी होतो आणि फार खोल गेल्यावर तिचा उपयोग संपतो. लाल काच आणि बॅटरी दोन्ही एकदम वापरू नयेत, चित्र लालभडक होते. तिसरी युक्ती फुकटची आहे. एक पांढरी प्लॅस्टिकची पाटी बरोबर न्यावी. बऱ्याच कॅमेऱ्यांना पांढरा रंग कोणता ते दाखवून देता येते. पाटी दाखवली की इतर रंग कॅमेरा त्यावरून लावून घेतो. खोली बदलली की पाटी पुन्हा दाखवायची.

डबा आणि रबरी कडे

कॅमेऱ्यावर किंवा त्याच्या डब्यावर मीटरचा आकडा लिहिलेला असतो. तो वाचावा. काही छोटे कॅमेरे नुसतेच दहा-पंधरा मीटरपर्यंत चालतात. त्यांना वेगळा डबा घातला तर तीस, चाळीस, साठ मीटरपर्यंतही जातात. दुकानदार ‘पाण्याला चालतो’ म्हणाला, एवढ्यावर विसंबू नये. पावसाचे शिंतोडे चालणे वेगळे आणि दहा मीटरचा दाब सोसणे वेगळे. मोबाइल घालायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात. त्या होडीत बसल्यावर ठीक. टाकी लावून बुडी मारताना त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

डब्याच्या झाकणाला एक रबरी कडे असते. सगळा डोलारा त्या कड्यावर आहे. एक केस, वाळूचा एक कण, मिठाचा एक खडा त्यावर राहिला, की फट पडते आणि पाणी आत येते. म्हणून डबा बंद करण्याआधी कडे बोटांनी अलगद काढावे. चाकूच्या टोकाने काढू नये. बोट फिरवून चाचपावे. धागे न सुटणाऱ्या फडक्याने ते पुसावे. त्याला जे ग्रीस सांगितले असेल तेच लावावे आणि तेही नुसती चकाकी येण्यापुरते. जास्त ग्रीस लावले की जास्त पाणी अडते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती उलटी आहे. जास्त ग्रीसला जास्त कचरा चिकटतो. हे सगळे घरी, सावलीत, शांतपणे करावे. वाळूवर, वाऱ्यात करू नये.

मग कॅमेरा न घालता रिकामा डबा बादलीत दाबून धरावा. आत कोरड्या कागदाचा तुकडा ठेवावा. कागद ओला झाला नाही म्हणजे ठीक. बादलीत दाब नसतो, म्हणून ही परीक्षा पुरी नव्हे. पण मोठी फट असेल तर ती इथेच कळते. आणखी एक. दमट हवेत डबा बंद केला, की खाली गार पाण्यात काचेवर आतून धुके धरते. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी छोटी पुडी येते ना, तशी कोरडी पुडी आत ठेवावी.

पाण्यात असताना डब्यात थेंब दिसले तर? कॅमेऱ्यापाशी ते पोचणार नाहीत असा डबा धरावा आणि ठरल्या वेगानेच वर यावे. एकदम वर धाव घेऊ नये. कॅमेरा दुसरा मिळतो.

घरी आल्यावर डबा बंद ठेवूनच गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावा. मग कळ दाबून पाहावी, म्हणजे कळीखालचे मीठ निघेल. नंतर पुसून, सुकवून उघडावा. खारे पाणी सुकून मीठ धरले, की ते निघता निघत नाही.

जवळ जावे, पण कसे?

एक प्रयोग घरी करा. पितळी पातेल्याच्या तळाशी नाणे ठेवा. पातेले पाण्याने भरा. नाणे वर उचलल्यासारखे दिसते. उजेड पाण्यातून हवेत येताना वाकतो, त्यामुळे असे होते. पाण्याखाली तोंडावर काचेचा मास्क असतो आणि मास्कच्या आत हवा असते. तिथेही हेच घडते. चार हातांवरची वस्तू तीन हातांवर वाटते आणि दिसते मोठी. म्हणून नवा माणूस वर येऊन सांगतो, “केवढा मोठा हेकरू!” आणि खाली कशालाही धरायला गेला की हात अलीकडेच मिटतो. फोटो काढतानाही वाटते की आपण जवळ आलो आहोत. तेव्हा आणखी थोडे जवळ जायचे.

जवळ जायचे दुसरे कारण म्हणजे गढूळपणा. आपल्या किनाऱ्याला नद्या-खाड्यांचा गाळ येतो. कितीदा चार-पाच मीटरपलीकडचे काही दिसत नाही. पाण्यात तरंगणारे बारीक कण उजेडात चमकतात. मुसळधार पावसात गाडीचा दिवा लावला की रस्त्याऐवजी पाऊसच दिसतो, तसे होते. फोटोवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात. यावर उपाय म्हणजे बॅटरी कॅमेऱ्याच्या नाकासमोर धरायची नाही. हात लांब करून बाजूने, तिरपी धरायची. मग कण बाजूने उजळतात, कॅमेऱ्याला कमी दिसतात.

दर्यावर्दी माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही, पण शहरातल्या पाहुण्याला सांगावी लागते. उधाणाला पाणी जोराने ओढते आणि तळ ढवळतो. भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते, गाळ बसतो. पावसाळ्यात तर बुडीचे काम बंदच असते. दिवाळीनंतर पाणी निवळत जाते. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा तिथी पाहणे जास्त उपयोगी पडते.

वरून खाली काढलेला फोटो बहुधा फसतो. माशाची पाठ खडकाच्या रंगाची असते. पाठ आणि खडक एक होतात आणि चित्रात काहीच कळत नाही. आपण माशाच्या पातळीला यावे, जमल्यास थोडे खाली. मागे निळे-हिरवे पाणी आले की मासा उठून दिसतो. माशाचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. डोळा पुसट आला तर बाकी कितीही चांगले असो, चित्र मेलेले वाटते.

आता मासा जवळ येऊ देईल का? पाठलाग केला तर नाही देणार. पळणाऱ्या माशाचे फक्त शेपूट मिळते. खडपाजवळ, तळाला न टेकता, एका जागी राहावे. पाय मारू नयेत. श्वास सावकाश घ्यावा, सावकाश सोडावा. पाचेक मिनिटे गेली की मासे आपल्याला विसरतात. अंगावर काळे उभे पट्टे असलेले छोटे मासे आधी येतात, ते धीट असतात. मग पिवळे फुलपाखरू मासे जोडीने फिरू लागतात. अष्टपाद बिळातून एक डोळा बाहेर काढतो. त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. त्या ताणल्या, आवळल्या की डोळ्यांदेखत त्याचा रंग पालटतो. हे दृश्य ज्याला मिळाले त्याने धीर धरला म्हणूनच मिळाले. खडकाच्या भोकातून वाम तोंडाची उघडझाप करताना दिसते. ती चावायला निघालेली नसते, पाणी आत घेऊन श्वास घेत असते. पण त्या भोकात हात घातला तर ती चावेल. विंचूमासा तर हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि त्याच्या काट्यांत विष असते. आधारासाठी दगड धरायची सवय म्हणूनच वाईट.

दुसऱ्या एका कारणासाठीही ती वाईट. आपण ज्याला दगड समजतो ते कितीदा प्रवाळ असते. प्रवाळ म्हणजे पोवळ्यासारखे. तो दगड नव्हे, बारीक जिवांची वसाहत आहे. ते जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढते. आपल्या पायाच्या पंखाचा एक फटका बसला तर कैक वर्षांची वाढ क्षणात मोडते. फोटोसाठी त्यावर टेकणारे, त्यावर उभे राहणारे लोक आहेत. काही ठिकाणी पाव-बिस्किटे चुरून मासे गोळा करतात आणि पाहुण्याभोवती झुंड जमवून फोटो काढतात. पाहुणा खूश होतो. मला हा प्रकार पसंत नाही. प्रवाळावरचे शेवाळ खाऊन ते साफ ठेवणे हे पुष्कळ माशांचे काम. ते बिस्किटाला चटावले, तर ते काम कोण करणार?

कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ आणि समुद्री घोडा यांना संरक्षण दिले आहे. ते तोडणे, पकडणे, विकणे गुन्हा आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा समुद्र १९८७ सालापासून अभयारण्य आहे.

फोटोची साक्ष

फोटो नुसता मौजेचा नसतो. समुद्राचे पाणी फार तापले की प्रवाळ पांढरे पडते. त्याच्या अंगात बारीक शैवाल राहते. तेच त्याला अन्न देते, रंग देते. उष्म्याने प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकते. पांढरे पडले म्हणजे लगेच मेले असे नाही. पाणी लवकर निवले तर ते सावरते. न निवले तर उपाशी मरते. १९९८, २०१० आणि २०१६ साली भारताच्या समुद्रात प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पण ‘आमच्या खडपावर पूर्वी असे नव्हते’ हे नुसते तोंडाने सांगून कोण ऐकतो? त्याच खडकाचा, त्याच बाजूने, दर वर्षी एक फोटो असेल तर ऐकावे लागते.

होडीवरही फोटोला किंमत आली आहे. जाळ्यात कासव किंवा देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याची भरपाई द्यायची, अशी योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ साली काढली. भरपाई २५,००० रुपयांपर्यंत ठेवली. पुरावा काय? तर जाळे कापतानाचा, प्राणी सोडतानाचा फोटो.

मात्र नुसता फोटो मुका असतो. कुठला, कधीचा, किती खोल, हे त्याच्याजवळ लिहिलेले नसेल तर दोन वर्षांनी आपल्यालाच आठवत नाही. म्हणून वही ठेवावी. पाण्याबाहेर आल्यावर, अंग पुसून झाले की, लगेच लिहावे. माशाचे शास्त्रातले नाव आपल्याला ठाऊक नसेल. हरकत नाही. शास्त्रज्ञ फोटो पाहून ते सांगतील. पण आपल्या गावात त्याला काय म्हणतात, त्या जागेला कोळी काय म्हणतात, पूर्वी तो तिथे किती मिळायचा, हे पुस्तकात नसते. ते आपल्याला आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. ते आपणच लिहायचे. फोटोचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक एकच ठेवायचा.

वहीचे पान असे आखावे आणि असे भरावे:

फोटो क्रमांक: ७
तारीख व वेळ: बुडीच्या दिवशीची, सकाळी साडेदहा
तिथी: सप्तमी, भांग
जागा: किल्ल्याच्या पलीकडचे खडप, गावातले नाव
खोली: ९ मीटर
पाणी: हिरवट, पाच मीटरपर्यंत दिसत होते
काय दिसले: तांबोशी, एक, खडकाच्या सावलीत उभी
बॅटरी: होती, उजव्या बाजूने
वर आलो तेव्हा टाकीत: ६०
मामांना विचारले: पूर्वी याच खडपावर गळाला दिवसाला किती यायच्या?
मामा म्हणाले: